अँटिबायोटिक सुरू, म्हणून अंगावर पाजणं बंद?

बाळंतपणानंतर टाके चिघळतात, लघवीला जळजळ होते किंवा छातीत गाठ येऊन ताप भरतो, आणि डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘आता बाळाला वरचं दूध द्या.’ बहुतेक वेळा त्याची काहीही गरज नसते.

गैरसमज : आईने घेतलेलं सगळं औषध बाळाच्या पोटात जातं.
वस्तुस्थिती : दुधात उतरतो तो थोडा अंश. वजनाच्या हिशेबाने बाळाला आईच्या डोसच्या १० टक्क्यांहून कमी औषध मिळत असेल, तर पाजायला सहसा हरकत नसते. अमॉक्सिसिलिनच्या बाबतीत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे. सेफॅलेक्सिनही दुधात अगदी कमी उतरतं.

गैरसमज : छातीत गाठ येऊन ताप आला की ते दूध बाळाला बाधतं.
वस्तुस्थिती : निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला ते बाधत नाही. उलट पाजणं एकदम थांबवलं तर दूध साकळतं आणि गळू होण्याची भीती वाढते. त्या बाजूने पाजणं असह्य झालं, तर दूध हलक्या हाताने पिळून काढा.

गैरसमज : बाळाला पातळ शी झाली, म्हणजे दूध तोडायला हवं.
वस्तुस्थिती : शी थोडी पातळ होणं किंवा तोंडात पांढरे चट्टे येणं, हे त्रास सहसा तात्पुरते असतात. पाजत राहा, चट्टे डॉक्टरांना दाखवा. मात्र शीतून रक्त पडलं, अंगावर पुरळ उठलं किंवा बाळ मलूल होऊन दूध ओढेनासं झालं, तर लगेच दवाखाना गाठा.

गैरसमज : मग मेडिकलमधून कुठलीही गोळी आणली तरी चालेल.
वस्तुस्थिती : नाही. क्लोरॅम्फेनिकॉल सहसा टाळतात. नायट्रोफ्युरँटॉइन आणि कोट्रायमॉक्साझोल ही औषधं नवजात, कावीळ झालेल्या किंवा जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या आईला जपून द्यावी लागतात. मेट्रोनिडाझोलचा २ ग्रॅमचा एकच मोठा डोस घेतल्यास १२ ते २४ तास दूध काढून टाकायला सांगतात.

म्हणून तपासायला गेल्यावर आधी सांगा, ‘मी अंगावर पाजते.’ बाळाचं वय, ते कमी दिवसांचं आहे का, कावीळ होती का, हेही सांगा. दूध बंद करायला सांगितलं, तर दुसरं औषध चालेल का, हे विचारा. बहुतेकदा असं औषध असतं. बाळाच्या काळजीपोटी गोळ्या अर्धवट सोडू नका. आईचा आजार पूर्ण बरा होणं बाळालाही हवंच आहे.