विजेच्या मोटारीचे मोल

चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्राच्या 'बीई ६' या इलेक्ट्रिक एसयूव्हीची प्रारंभिक किंमत २६ नोव्हेंबर २०२४ रोजी १८ लाख ९० हजार रुपये अशी जाहीर झाली, आणि पुढे दीड महिन्याच्या आत तिच्याच सर्वांत वरच्या श्रेणीला २६ लाख ९० हजारांचा आकडा लागला. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी नोंदणी खुली होताच ही गाडी आणि तिच्याबरोबर आलेली 'एक्सईव्ही ९ई' या दोहोंसाठी पहिल्याच दिवशी तीस हजारांहून अधिक मागण्या आल्या. नाव एक, सांगाडा एक, कारखाना एक, आणि किमतीत मात्र आठ लाखांचे अंतर! सातारा-सांगलीकडच्या मध्यम स्थितीतल्या कुटुंबात आठ लाख ही मुलीच्या उच्च शिक्षणाची किंवा गावाकडच्या घराच्या दुरुस्तीची रक्कम असते. सबब ती कशासाठी द्यायची आणि कशासाठी राखून ठेवायची, हा प्रश्न केवळ हौसेचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

बहुतेक ग्राहक या प्रश्नाचा निर्णय शोरूममध्ये जाऊन करतात, आणि तेथे तो विक्रेत्याने पुढे केलेल्या श्रेणींच्या तुलनेत होतो: खालच्या श्रेणीत अमुक पडदा नाही, मधलीत तमुक ध्वनियंत्रणा नाही, मग थोडेसेच वाढवून वरची का घेऊ नये. माझे स्पष्ट मत असे आहे की, विजेच्या मोटारीला द्यावयाची रक्कम घरीच ठरवली पाहिजे, आणि ती दोन गोष्टींवरून ठरवली पाहिजे: गाडी वर्षाकाठी किती किलोमीटर धावणार, आणि रात्री ती कोठे उभी राहून भारित होणार.

हिशेब अवघड नाही. त्याच आकाराची पेट्रोलची गाडी लिटरला चौदा किलोमीटर धावते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असे धरले, तर किलोमीटरला साडेसात रुपये पडतात. विजेची गाडी भारित होतानाची गळती धरून युनिटला सहा किलोमीटर जाते आणि घरची वीज युनिटला दहा रुपयांनी पडते असे मानले, तर किलोमीटरला एक रुपया सदुसष्ट पैसे लागतात. कऱ्हाडात राहून रोज इस्लामपूर, पाटण, उंब्रज अशी फिरस्ती करणाऱ्या, वर्षाला १५ हजार किलोमीटर गाडी चालविणाऱ्या गृहस्थाची पाच वर्षांची बचत यावरून सुमारे ४ लाख ३७ हजार होते. परंतु ही बचत पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने येते आणि गाडीचे जादा पैसे आजच मोजावे लागतात. कर्जाचा दर नऊ टक्के असेल तर जादा दिलेल्या प्रत्येक लाखावर पाच वर्षांत साडेचोवीस हजार व्याज जाते. ते वजा करता, या गृहस्थाने पेट्रोलच्या समकक्ष गाडीपेक्षा विजेच्या गाडीला साडेतीन लाख रुपये अधिक द्यावेत, त्यापलीकडे नाही. हाच गृहस्थ साताऱ्याच्या एखाद्या जुन्या पेठेतल्या वाड्यात राहत असेल, जेथे गाडी रस्त्यावरच उभी करावी लागते, आणि त्याला प्रत्येक वेळी सार्वजनिक केंद्रावर युनिटला वीस रुपये मोजावे लागत असतील, तर त्याच मर्यादेची रक्कम अडीच लाखांवर येते. आणि निवृत्तीनंतर फक्त लग्नकार्य, देवदर्शन आणि पुण्याच्या मुलाकडे जाण्यासाठी वर्षाला सहा हजार किलोमीटर गाडी काढणाऱ्या शिक्षकाला घरी वीज असूनही एक लाख चाळीस हजारांपेक्षा अधिक जादा देणे परवडत नाही. घराच्या गच्चीवर पंतप्रधान सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसविलेली असेल, जिला केंद्राकडून ७८ हजारांचे अनुदान मिळते, तर मात्र आकडे ग्राहकाच्या बाजूने झुकतात.

येथे अंतर म्हणजे रस्त्यावर उतरलेल्या गाडीच्या किमतींतले अंतर, शोरूमच्या फलकावरच्या किमतींतले नव्हे. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर बारा टक्के मोटार वाहन कर आहे आणि विजेच्या गाडीला तो माफ आहे. तीस लाखांवरील विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर बसविण्याचा २०२५ च्या अर्थसंकल्पातील प्रस्तावही त्याच मार्च महिन्यात मागे घेण्यात आला. सोळा लाखांच्या पेट्रोल गाडीवर हा कर दीड ते दोन लाखांच्या घरात जातो, म्हणजे एकोणीस लाखांची विजेची गाडी आणि सोळा लाखांची पेट्रोल गाडी यांच्यातले खरे अंतर तीन लाखांचे नसून एक-दीड लाखाचेच असते. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची फेररचना झाली, तेव्हा लहान पेट्रोल गाड्यांवरचा भार अठरा टक्क्यांवर आणि मोठ्यांवरचा चाळीस टक्क्यांवर उतरला, आणि विजेच्या गाडीचा पाच टक्क्यांचा दर होता तसाच राहिला. त्यामुळे त्या तारखेपूर्वीच्या तुलना आज जशाच्या तशा घेऊ नयेत. पथकराच्या माफीविषयीही असेच. राज्याच्या २०२५ च्या धोरणातील संपूर्ण माफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांना आहे. साताऱ्याहून पुण्यास जाताना आणेवाडी आणि खेड-शिवापूर या नाक्यांवर ती मिळेल असे गृहीत धरून कोणी बेरीज मांडू नये.

आता बॅटरीच्या आकाराकडे वळू, कारण किमतीतला मोठा वाटा तिचाच असतो. 'बीई ६' मध्ये ५९ आणि ७९ युनिटांच्या दोन बॅटऱ्या आहेत आणि एकाच श्रेणीत या वीस युनिटांसाठी दीड-पावणेदोन लाख अधिक पडतात. सांगलीहून पुणे सुमारे २३५ किलोमीटर आहे. कंपनीने सांगितलेल्या पल्ल्यापेक्षा महामार्गावरचा प्रत्यक्ष पल्ला पाव ते तृतीयांश कमी धरला, तरी लहान बॅटरी पुण्यास सहज पोहोचते आणि जेवणाच्या वेळात तेथे भारित होऊन परत येते. महिन्यातून एकदाच पुणे गाठणाऱ्याने मोठ्या बॅटरीसाठी व्याज भरण्यात मला किफायत दिसत नाही; आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याने ती अवश्य घ्यावी. घाटांचे भय मात्र उगाच घेतले जाते. वाईहून पसरणी घाटाने महाबळेश्वरी जाताना साडेसहाशे मीटरांची चढण आहे. दोन टन वजनाची गाडी एवढ्या उंचीवर चढविण्यास सपाट रस्त्यापेक्षा सुमारे साडेतीन युनिटे अधिक लागतात, आणि उतरताना मोटर उलट जनित्राचे काम करून त्यातला बराचसा भाग परत बॅटरीत भरते. फक्त महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्री बॅटरी काठोकाठ भरू नये, कारण भरलेल्या बॅटरीत परतीची वीज मावत नाही आणि घाट उतरताना सगळा भार चाकांच्या ब्रेकवर पडतो.

सांगलीकरांच्या बाबतीत एक खर्च असा आहे की जो कोणत्याही किंमतपत्रकात छापलेला नसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बॅटरीची पेटी जलरोधक असते खरी, पण ती ज्या कसोटीवर उतरते ती मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याची; पूर तर आठवडाभर ओसरत नाही. म्हणून गावभाग, टिळक चौक, मारुती चौक अशा पूरग्रस्त भागांत राहणाऱ्याने भिंतीवरचा चार्जर मागच्या पुराच्या खुणेच्या वर बसविण्याची तजवीज करावी, तळघरात गाडी ठेवू नये, आणि विम्यात पाण्याने बॅटरीला होणारी हानी शब्दशः नमूद करून घ्यावी. त्यासाठी जे चार-पाच हजार अधिक पडतील ते द्यावेत. वरच्या श्रेणीतील सजावटीपेक्षा ते कितीतरी अधिक मोलाचे आहेत.

यानंतर शोरूममध्ये जावे आणि कोटेशनचा कागद हाती घेऊन तो ओळीओळीने वाचावा. पहिल्या ओळीत मूळ किंमत असते, आणि ती सहसा हलत नाही. दुसऱ्या ओळीत विमा असतो. तेथे ग्राहकाला आपल्या पसंतीच्या कंपनीचा विमा घेण्याचा हक्क आहे, आणि बाहेरचा दर दाखविताच विक्रेत्याचा आकडा बहुधा खाली येतो. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात विजेच्या गाडीला मिळणारी पंधरा टक्के सूट धरली आहे की नाही, हेही तेथेच पाहावे. तिसऱ्या ओळीत दहा लाखांवरील गाडीसाठी एक टक्का रक्कम आयकरापोटी घेतली जाते. ती खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना ती जमा धरली जाते, एवढे लक्षात ठेवावे. त्याखाली चार्जरची आणि तो बसविण्याची रक्कम येते, जी काही कंपन्या गाडीच्या किमतीत धरत नाहीत आणि जी अर्ध्या-पाऊण लाखापर्यंत जाऊ शकते. आणि शेवटी, 'हाताळणी शुल्क', चटया, लेप, सुगंध, वाढीव हमी अशा नावांच्या रकमा येतात. घासाघीस करायची ती या शेवटच्या भागात. हाताळणी शुल्क तर सरळ नाकारावे. डिसेंबरअखेर, वर्षाचा आकडा बदलण्याच्या तोंडावर, आणि मार्चमध्ये विक्रेते अधिक मोकळे होतात; पण डिसेंबरात मिळालेली सूट घेताना, जानेवारीत तीच गाडी मागील सालची ठरून पुनर्विक्रीत मागे पडते, हे विसरू नये.

पुनर्विक्रीचा विचार मी शेवटी ठेवला, कारण त्यातच सर्वांत अधिक अनिश्चितता आहे. भारतात मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक एसयूव्हींपैकी टाटांची 'नेक्सॉन ईव्ही' जानेवारी २०२० मध्ये आली, म्हणजे जुन्या विद्युत गाड्यांचा आपल्याकडचा अनुभव अजून थोडाच आहे. बॅटरीची आजीवन हमी काही कंपन्या देतात, परंतु ती पहिल्या मालकापुरती असते, आणि दुसऱ्या खरेदीदाराला तिची किंमत वाटत नाही. म्हणून पाच वर्षांनी गाडी बदलण्याची सवय असलेल्यांनी वर काढलेल्या मर्यादेतून आणखी काही वजा करावे. आठ-दहा वर्षे एकच गाडी वापरणाऱ्यांनी निश्चिंतपणे ती पूर्ण वापरावी.

माझा निर्णय असा: वर्षाला बारा-पंधरा हजार किलोमीटरांहून अधिक चालविणाऱ्या, घरी चार्जर बसविता येणाऱ्या कुटुंबाने आज विजेची गाडी खालच्या किंवा मधल्या श्रेणीत, छोट्या बॅटरीची, जरूर घ्यावी, सहा-सात हजारांवर न जाणाऱ्याने घाई करू नये, आणि कोणीही शब्दाच्या भरवशावर नोंदणीची रक्कम देऊ नये. एमएच-११ असो, एमएच-५० असो वा एमएच-१०, कोटेशन शिक्क्यासह लेखी घ्या, त्यातली प्रत्येक ओळ घरी बसून आपल्या हिशेबाशी ताडून पाहा, आणि मगच पैसे भरा.