रक्त थांबले, तरी शेक थांबवू नका

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भिवंडीतल्या माझ्या दवाखान्यात एक मावशी तापाने फणफणलेल्या नातवाला घेऊन आल्या. यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरण्याचे त्यांचे काम. त्यांना पाहून मी चमकले. कारण त्या वेळी त्या परळला टाटा रुग्णालयात असायला हव्या होत्या.

"मावशी, शेक संपले का?"

"नाही बाई, पंधरा झाले. पण अंगावरून जायचं थांबलं ना! मग रोज कशाला जायचं? इथं खाडा पडला की मजुरी जाते. आणि आता म्हणे आतून शेक देणार. शेजारीण सांगते, आतडी जळतात."

पाळी जाऊन तीन वर्षे झाल्यावर त्यांना पुन्हा रक्तस्राव सुरू झाला होता. तुकडा काढून तपासल्यावर गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. पहिल्या काही शेकांतच रक्त थांबते, ही चांगली खूण आहे. पण गाठ आत शिल्लक असते. शेत वरून पेटवले तरी हरळीची मुळे राहतात, तसेच हे. काही वर्षांपूर्वी माझ्याच एका रुग्णाने असेच अर्ध्यावर शेक सोडले होते. आठ महिन्यांनी त्या परत आल्या, तेव्हा वेदना कमी करण्यापलीकडे काही करता आले नाही.

शेजारणीची भीती अगदीच निराधार नव्हती, पण ती जुन्या काळातली होती. क्युरी दांपत्याने १८९८ साली रेडियम शोधले आणि थोड्याच वर्षांत युरोपातील डॉक्टर रेडियमच्या नळ्या गर्भाशयात ठेवून या रोगावर उपचार करू लागले. नळ्या आत असेपर्यंत, कधी कधी दोन-तीन दिवस, बाईला वेगळ्या खोलीत न हलता पडून राहावे लागे. त्या हाताने ठेवणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांनाही किरणांचा त्रास होई. तरीही त्या काळात अनेक बायका या रेडियममुळेच वाचल्या. मुंबईत टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे.

आता रेडियम मागे पडले आहे. बाहेरून द्यायचे शेक साधारण पंचवीस असतात. आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी काही मिनिटे. यंत्राखाली निजायचे, दुखत नाही. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी 'भाभाट्रॉन' नावाचे कोबाल्टचे यंत्र तयार केले आहे. त्यानंतर आतले शेक. त्यात नळी बसवतात, डॉक्टर खोलीबाहेर थांबतात आणि यंत्र इरिडियमचा बारीक कण तारेने आत पाठवून काही मिनिटांत परत घेते. गाठीला पूर्ण मात्रा मिळते ती या आतल्या शेकानेच. तो टाळला तर उपचार अपुरा राहतो.

सगळे उपचार आठ आठवड्यांच्या आत संपले पाहिजेत. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. टाटा रुग्णालयाने बराच पसरलेला रोग असलेल्या ८५० स्त्रियांवर अभ्यास केला. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. नुसते शेक घेतलेल्या शंभरातील ४६ जणी पाच वर्षांनी जिवंत होत्या. शेकांबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिनचे इंजेक्शन घेतलेल्यांत ५४. रोग लवकर सापडला तर बरे होण्याची आशा याहून पुष्कळ जास्त असते.

त्रास होतो, तो लपवू नये. जुलाब, लघवीला जळजळ, थकवा येतो. औषधांनी बहुतेक आटोक्यात राहतो. या शेकाने डोक्याचे केस जात नाहीत. घरातल्यांना रोग लागत नाही. शेक घेऊन आलेली आजी नातवाला मांडीवर घेऊ शकते.

हे सारे मी मावशींना सांगितले, सुनेलाही बोलावून सांगितले. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. रोजची दगदग झेपत नसेल त्यांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी. दुसऱ्याच दिवशी सासू-सून कल्याणहून लोकल पकडून परळला गेल्या. खाडा चारच दिवसांचा होता. डॉक्टरांनी तो भरून काढला आणि आतले शेकही पार पडले. मावशी आता ठरलेल्या तारखांना तपासणीला जातात. अजून काही वर्षे जावेच लागेल.

भगिनींनो, पाळी गेल्यावर रक्त दिसले, संबंधानंतर रक्त गेले, किंवा दुर्गंधी असलेले पाणी अंगावरून जाऊ लागले, तर लाजू नका. सरकारी रुग्णालयात जाऊन तपासून घ्या. तिशीनंतर तक्रार नसतानाही तपासणी करून घ्यावी. आणि घरातल्या पुरुषांनो, तिचे शेक सुरू असतील तर तेवढे दोन महिने चूल तुम्ही सांभाळा. एकही शेक चुकू देऊ नका.