मांडवीच्या पात्रातून पणजीदर्शन

यवतमाळ : वर्धा आणि पैनगंगा या नद्यांनी यवतमाळ जिल्ह्याची सीमा आखली असली, तरी नौकेतून शहर पाहण्याचा अनुभव येथील रहिवाशांना दुर्मिळच. गोव्याच्या सहलीत मात्र तो सहज, आणि तोही विनामूल्य मिळू शकतो. पणजी परिसरात मांडवी नदीवर शासनाच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी चालतात. त्यांतून पादचाऱ्यांना भाडे पडत नाही. तरीही बहुसंख्य पर्यटक पैसे मोजून संध्याकाळची नौकाविहाराची सफर करतात आणि फेरीबोटीकडे पाठ फिरवतात.

पहिली फेरी पणजी ते बेती. अवघ्या काही मिनिटांच्या या प्रवासात पणजी शहर समोरून दिसते. काठावरचा आदिलशाही राजवाडा, म्हणजेच जुने सचिवालय, नदीकडे तोंड करून उभा आहे. पूर्वेस मांडवीवरील पूल, त्यांत २०१९ मध्ये खुला झालेला अटल सेतू; पश्चिमेस नदीच्या मुखाजवळ रेईश मागुशचा किल्ला. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील जुना पूल कोसळला, तेव्हा दोन्ही तीरांमधील प्रवाशांना याच बोटींचा आधार होता.

दुसरी फेरी रायबंदर ते चोडण. पणजीहून रायबंदरला जाताना सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला सुमारे तीन किलोमीटरचा दगडी बांधरस्ता लागतो. चोडणच्या धक्क्याजवळच खारफुटीने वेढलेले डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. पक्षी पाहण्यासाठी सकाळची वेळ उत्तम.

तिसरी फेरी इतिहासप्रेमींनी चुकवू नये. जुने गोवे येथील व्हाइसरॉय कमानीतून खाली उतरले की दिवाड बेटाची बोट मिळते. पोर्तुगीज राजवटीत नवे व्हाइसरॉय नदीमार्गे येऊन याच कमानीतून नगरात प्रवेश करीत. दिवाड बेटावर कदंब राजांचे आराध्यदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे देवालय होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर देवाचे लिंग नदीपलीकडे, पोर्तुगीज सत्तेबाहेरील डिचोलीच्या प्रदेशात नेण्यात आले. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. गोवा शासनाने केलेल्या जतनकार्यानंतर २०२३ मध्ये ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्वेला जाणारी फेरीबोट आजही तेच पात्र ओलांडते. एकेकाळी दोन सत्तांची सीमा असलेली ही नदी आता काही मिनिटांत पार होते. बेट ओलांडण्यासाठी दुचाकी सोबत असल्यास सोयीचे. ती बोटीत नेता येते.

या बोटी पर्यटनासाठी सुरू झालेल्या नाहीत, हे मात्र विसरता कामा नये. शाळकरी मुले, नोकरदार, बाजारहाट करणाऱ्या स्त्रिया यांचे दैनंदिन जीवन त्यांवर अवलंबून आहे. दिवाडवासीयांना तर जुन्या गोव्याला येण्यासाठी बोटीवाचून गत्यंतर नाही. त्यामुळे सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ टाळावी, बोट धक्क्याला लागल्यावर आधी उतरणाऱ्यांना वाट द्यावी, कठड्यावर बसू नये आणि पात्रात कचरा टाकू नये. विनामूल्य मिळणाऱ्या या प्रवासाचे एवढे मोल पाहुण्यांनी अवश्य चुकते करावे.