भूल म्हणजे नुसती झोप नव्हे

गेल्या मे महिन्यात माझ्या आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. दोन दिवस आधी तपासणीच्या वेळी भूलतज्ज्ञ बाईंनी विचारले, "रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. गोळ्यांच्या पाकिटावरचे इंग्रजी नाव वाचू शकणारी आमच्या घरात मी एकटीच. पण आदल्या रात्री वडिलांनी बजावले होते, "रक्तदाबाचं सांगू नको, ऑपरेशन नाकारतील." क्षणभर मी घुटमळले, मग दोन्ही पाकिटे टेबलावर ठेवली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी जे समजावून सांगितले, तेच येथे मांडते.

भूल म्हणजे गाढ झोप, असे मला वाटे. परंतु झोपेत शरीर आपला कारभार आपणच पाहते. भुलीत तो बराचसा डॉक्टरांना सांभाळावा लागतो. शिरेतून प्रोपोफॉल दिले की रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाचा जोरही कमी होतो आणि रक्तदाब उतरतो. शेतातला पाट रुंद झाला आणि पंपाचा जोर घटला, तर वाफ्यांना पाणी कसे पुरणार? तसेच मेंदूला, मूत्रपिंडांना रक्त कमी पडू शकते. उलट केटामाइन हे भुलीचेच औषध बहुधा नाडी व रक्तदाब वाढवते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरताना नाडी एकदम मंदावू शकते. तेव्हा अ‍ॅट्रोपीन तिला वेग देते. दाब फार उतरला तर फेनिलएफ्रिन रक्तवाहिन्या आवळून तो वर आणते. म्हणून भूलतज्ज्ञांची नजर सतत नाडी व रक्तदाबावर असते.

आता घरच्या गोळ्यांचे पाहू. आईची टेल्मिसार्टन रक्तवाहिन्या सैल ठेवते. त्यात भुलीच्या औषधाची भर पडली, तर दाब फारच घसरू शकतो. म्हणून ती आदल्या दिवसापासून बंद ठेवली. मेटोप्रोलॉल मात्र नाडी आवरते. ती अचानक सोडली तर नाडी उसळू शकते. म्हणून ती त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर दिली. एक थांबवायची, दुसरी चालू ठेवायची. हा निर्णय आपण घरी कसा घेणार? आणि आपण लपवले, तर डॉक्टर तरी कसा घेणार?

आई आता बरी आहे. वडील दोन्ही पाकिटे एका पिशवीत जपून ठेवतात. परवा पिशवी पुढे करून म्हणाले, "पोरी, नावं मराठीत लिहून दे. तू कॉलेजला असलीस, तर मला सांगता आली पाहिजेत."