घरातली यंत्रं – भाग ६ : टाकीतला पाऊस

गेल्या आठवड्यात कॉम्प्रेसरचा पिस्टन आणि तेल झालं. आज त्याखालची आडवी टाकी. बाहेरचा रंग लखलखीत असतो, तेव्हाही ती पोटातून गंजत असते.

आषाढात पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात डोकावा. मूर्तीवर स्प्रे गननं रंग चढत असतो आणि मध्येच गनमधून पाण्याचा थेंब उडतो. नितळ गालावर डाग! कारागीर हवेला शिव्या घालतो, आणि त्या योग्य ठिकाणीच जातात.

३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के धरली, तर २४ ग्रॅम असतेच. गॅरेजच्या भाषेत ‘आठ किलो’पर्यंत हवा भरली, की बाहेरचा एक धरून दाब नऊपट होतो, नऊ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबली जाते. वाफ मावण्याची मर्यादा मात्र तीच, ३० ग्रॅम. दाबताना हवा तापलेली असते तोवर निभतं. टाकीत निवली, की जादा वाफेचं पाणी. ५० लिटरची रिकामी टाकी एकदा भरली, तर जेमतेम दोन छोटे चमचे. पण दिवसभरात १० घनमीटर हवा ओढली गेली, तर पेलाभर! त्यातलं काही गनपर्यंत जातं, बाकीचं तळाच्या पत्र्यावर बसतं.

म्हणून तळाशी ड्रेन कॉक असतो. माझ्या पाहण्यातले कितीतरी कॉक कधीच न फिरवल्यामुळे घट्ट बसलेले होते. काम संपलं, की मोटर बंद करा, दाब एक-दोन किलोपर्यंत उतरू द्या, टाकी कॉकच्या बाजूला किंचित कलती करा आणि तोंड बाजूला ठेवून कॉक हळूच उघडा. थोडी हवा मागून रेटायला हवीच, नाहीतर पाणी आतच रेंगाळतं. काताच्या पाण्यासारखं तांबूस आलं तर गंज. दुधाळ आलं तर त्यात तेल मिसळलंय. मग कॉक रात्रभर उघडाच राहू द्या.

दुकानदार वॉटर सेपरेटर सुचवतो. जरूर घ्या, पण तो टाकीनंतर बसतो. रंग वाचवतो, टाकी नाही. शिवाय तो कॉम्प्रेसरला चिकटवून लावला तर हवा गरमच असते आणि पाणी वाफेच्या रूपानं त्यातून निसटतं. मध्ये लांब पाइप हवा.

आणि तळाला सुईच्या टोकाएवढं भोक पडून हवा फुसफुसू लागली, तर लांबी भरू नका, वेल्डिंगही नको. भोकाभोवतीचा पत्राही पातळ झालेला असतो. टाकी दाब पेलते का, हे तपासायचं तर ती पाण्यानं भरून कामाच्या दाबाच्या दीडपटीपर्यंत तपासतात. पाणी फारसं दबत नाही, म्हणून फाटली तरी बॉम्बसारखी उडत नाही. भोक पडलेल्या टाकीला तेवढीही संधी देऊ नये. ती भंगारात.

पुढच्या आठवड्यात : सेफ्टी व्हॉल्व्हची कडी.