किडनी विकण्याचा हिशेब कधीच जुळत नाही

जळगावहून निघून एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्याला पोचायचं तर रस्ता सुमारे ९० किलोमीटरचा आहे. आता दुसरी एक लांबी मोजू. माणसाच्या एका किडनीत रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या सरासरी १० लाख असतात आणि प्रत्येक नळी साडेचार ते साडेसहा सेंटिमीटर लांब असते. दोन्ही किडन्यांतल्या २० लाख नळ्या एकापुढे एक जोडत गेलं तर लांबी किमान ९० किलोमीटर भरते. जळगाव-धुळे रस्त्याएवढी ही यंत्रणा आपण प्रत्येक जण पाठीच्या खालच्या भागात बाळगून असतो आणि तिचं वजन असतं ३०० ग्रॅमच्या आसपास.

तिचं काम तर आणखी थक्क करणारं आहे. हृदय मिनिटाला जे ५ लिटर रक्त बाहेर टाकतं, त्यातला जवळपास पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. दिवसभरात १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे जातो, बाकी सगळा परत रक्तात येतो. शरीरात रक्तद्रव असतो जेमतेम ३ लिटर. म्हणजे तोच द्रव दिवसातून ६० वेळा गाळून निघतो. ७० वर्षांच्या आयुष्यात ही बेरीज ४६ लाख लिटरवर जाते.

हे काम थांबलं की डायलिसिस सुरू होतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. आठवड्याच्या १६८ तासांचं काम यंत्र १२ तासांत उरकायला बघतं आणि ते तेवढं साधतही नाही. वर्षाला १५६ खेपा होतात. रावेर किंवा शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून शहर गाठणाऱ्या रुग्णासोबत घरातला एक माणूस निघतो, तेव्हा रोजी दोघांची बुडते. औषधोपचार मोफत मिळाले तरी हे नुकसान भरून येत नाही.

भारतात दरवर्षी सुमारे २ लाख माणसांच्या किडन्या कायमच्या निकामी होतात, असा अंदाज आहे. २०२३ मध्ये देशभरात किडनी प्रत्यारोपणं झाली १३,४२६. एवढ्या मोठ्या तफावतीतूनच बाजार उभा राहतो.

हा बाजार नवा नाही. १९८० च्या दशकात शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून प्रभावी औषधं आली आणि रक्ताच्या नात्याबाहेरची किडनीही टिकू लागली. त्यानंतर भारत किडनीचा बाजार म्हणून जगभर कुप्रसिद्ध झाला. १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला, २०११ मध्ये तो कडक केला गेला. आज अवयवाच्या व्यापारासाठी ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. तरीही दलाल वाट काढतात. पवईत २०१६ मध्ये आणि पुण्यात २०२२ मध्ये उघड झालेल्या प्रकरणांत रुग्णाची पत्नी म्हणून भलतीच बाई कागदोपत्री उभी केली गेली होती. पुण्याच्या प्रकरणात त्या बाईला १५ लाखांचं आमिष दाखवलं होतं; पैसे मिळाले नाहीत म्हणून तिने तोंड उघडलं.

धुळे-जळगावचा हाच महामार्ग पुढे भुसावळ, मलकापूर करत अकोल्याला जातो. तिथे २०१५ च्या अखेरीस सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या गरिबांना किडनी काढण्यासाठी श्रीलंकेत नेल्याचं उघड झालं. २०२५ च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची तक्रार राज्याने ऐकली. त्याच्या सांगण्यानुसार १ लाखाचं सावकारी कर्ज ७४ लाखांवर गेलं आणि ते फेडण्यासाठी त्याने कंबोडियात जाऊन ८ लाखांत किडनी दिली. शरीराचा अवयव गेला आणि कर्जाचा फिटला तो फार तर नववा हिस्सा. कापसाच्या भावावर आणि पावसावर वर्षाचा संसार तोलणाऱ्या खानदेशाला ही गोष्ट परक्या मुलखातली वाटू नये.

यावर एक प्रश्न नेहमी विचारला जातो. शरीर ज्याचं त्याचं आहे. एकाला जीव हवा, दुसऱ्याला पैसा हवा, मग सरकारने मध्ये का पडावं? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही आकड्यांतच शोधू. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० पैकी ९६ जणांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती. कबूल झालेली रक्कम सरासरी १,४१० डॉलर होती, हातात पडले १,०७० डॉलर. सरासरी सहा वर्षांनंतर पाहिलं तर कर्जासाठी किडनी विकलेल्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश लोक अजूनही कर्जातच होते. कुटुंबाचं उत्पन्न एक-तृतीयांशाने घटलं होतं. दारिद्र्यरेषेखालचे लोक १०० मागे ५४ होते, ते ७१ झाले. ८६ टक्क्यांनी तब्येत खालावल्याचं सांगितलं, ७९ टक्के म्हणाले की दुसऱ्या कुणाला आम्ही हा सल्ला देणार नाही. ज्या सौद्यात विकणाऱ्याची गरज भागत नाही आणि तब्येत मात्र खालावते, त्याला खुषीचा सौदा म्हणता येत नाही. इराणमध्ये १९८८ पासून पैसे देऊन किडनी घेणं कायदेशीर आहे. पण तिथेही विकणारे बहुतांश गरीबच आहेत.

पैशाचा व्यवहार नसलेल्या दानातही संमतीचा प्रश्न सुटत नाही. २०२३ मध्ये देशातल्या दर १०० जिवंत दात्यांपैकी सुमारे ६३ स्त्रिया होत्या. आई, बायको, बहीण यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण घरातलं दान नेहमी त्यांच्याच वाट्याला का येतं, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारायला हवं.

मग किडन्या आणायच्या कुठून? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाख ३० हजार होती आणि धुळ्याची साडेवीस लाख. मिळून सुमारे ६३ लाख. देशाच्या सरासरीने या दोन जिल्ह्यांत दरवर्षी सुमारे ९०० जणांच्या किडन्या निकामी होत असणार. २०२३ मध्ये मृत्यूनंतर अवयव देणारे दाते देशभरात होते अवघे १,०९९. त्या प्रमाणात आपल्या ६३ लाखांत ५ दाते येतात, म्हणजे १० किडन्या. ४ कोटी ८० लाखांच्या स्पेनमध्ये त्याच वर्षी २,३४६ दाते मिळाले. स्पेनचं प्रमाण खानदेशाला लावलं तर या दोन जिल्ह्यांत वर्षाला सुमारे ३०० दाते आणि ६०० किडन्या होतात. १० आणि ६०० यांच्या मधल्या जागेत दलालाचं दुकान चालतं.

स्पेनने हे पैशाने मिळवलं नाही. १९८९ मध्ये राष्ट्रीय संस्था उभारून रुग्णालयांमध्ये प्रशिक्षित समन्वयक नेमले आणि कुटुंबाशी योग्य वेळी, योग्य शब्दांत बोलण्याची शिस्त लावली. आपल्याकडे कायदा आहे. मेंदूमृत्यूची, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबल्याची, खात्री चार डॉक्टरांनी करायची, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. २०११ च्या दुरुस्तीनंतर अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह असलेल्या रुग्णालयाला फक्त अवयव काढण्यापुरतीही नोंदणी करता येते. काढलेली किडनी थंड ठेवून २४ तास आणि त्याहून जास्तही टिकते, धुळ्याहून मुंबई तर काही तासांवर आहे.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५,२२४ माणसं गेली. त्यातले सगळेच मेंदूमृत होऊन गेले नाहीत आणि सगळ्यांचे अवयव उपयोगी पडले नसते. तरीही २०२३ मध्ये अख्ख्या राज्यात मरणोत्तर दाते फक्त १४८ होते, आणि हा आकडा आपल्याला शोभत नाही.

म्हणून दोन मागण्या आणि एक विनंती. सावकारीविरोधी कायद्याची अंमलबजावणी तालुक्याच्या पातळीवर कडक व्हावी, कारण किडनीच्या बाजाराची सुरुवात कर्जाच्या चिठ्ठीपासून होते. जळगाव आणि धुळ्याच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात प्रशिक्षित समन्वयक असावा. आणि विनंती वाचकाला: अवयवदानाचा अर्ज जरूर भरा, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या मृत्यूच्या क्षणी निर्णय तुमचे घरचेच घेतील. आपली इच्छा आज रात्री जेवताना त्यांना स्पष्ट सांगा.