मेट्रोची गाडी वाढविणे इतके कठीण का?

इंदूर-बैतूल मार्गावरील आमच्या कन्नौदपासून सर्वांत निकटची मेट्रो म्हणजे ३१ मे २०२५ रोजी सुरू झालेली इंदूरची. परंतु गर्दीच्या मार्गावर गाड्या वाढविण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने समजून घ्यावयाचा, तर मुंबईच्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर या ११.४ किलोमीटरच्या, १२ स्थानकांच्या आणि ८ जून २०१४ पासून धावणाऱ्या मार्गाकडेच वळावे लागते.

या मार्गासाठी चार डब्यांच्या १६ गाड्या आणल्या गेल्या. जाऊन-येऊन एका फेरीस ४८ मिनिटे लागतात असे हिशेबापुरते धरले, तर तीन मिनिटांच्या अंतरासाठी १६, आणि दोन मिनिटांच्या अंतरासाठी २४ गाड्या प्रत्यक्ष रुळांवर हव्यात. दुरुस्तीसाठी राखून ठेवावयाच्या गाड्या याहून निराळ्या.

गाड्या खरेदी केल्या म्हणजे कार्य सिद्धीस गेले, असेही नाही. अंतिम स्थानकी गाडी रूळ बदलून परतेपर्यंत मागच्या गाडीस तिष्ठत राहावे लागते. अंधेरीसारख्या स्थानकात चढउतारास लागलेला प्रत्येक जादा क्षण मागील सर्व गाड्यांना भोवतो. शिवाय सिग्नल-यंत्रणेची क्षमता, विद्युत्पुरवठा आणि डेपोतील जागा यांची तजवीज आधीच करावी लागते.

म्हणून डबे वाढविण्याचा पर्यायही तितकाच विचारार्ह ठरतो. नव्या मेट्रोची आखणी करणाऱ्यांनी भावी गर्दीची तरतूद फलाटाच्या लांबीत आणि डेपोच्या जमिनीत पहिल्याच दिवशी करून ठेवावी, हे माझे कळकळीचे मत आहे.